कोंबडी अशी का वागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरामागे गेली काही वर्षं गावरान कोंबड्या आहेत. आकडा मुंगसाच्या कृपेने कमीजास्त होतो, पण सरासरी पंचवीसेक असतात. घर सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणच्या बाजूला. शहरातून येणारे पाहुणे, सुट्टीत येणारी भाचरं आणि अलीकडे गच्चीवर चार कोंबड्या पाळणारे मित्र सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. औषधपाण्याचं इथे काही नाही, त्यासाठी पशुवैद्य गाठा. इथे फक्त कोंबडीचा स्वभाव आणि तिच्या अंगभूत करामती.

कोंबडा पहाटेच का आरवतो? त्याला उजाडलेलं कळतं कसं?

उजाडलेलं कळून तो आरवत नाही. उजाडायच्या आधीच आरवतो, आणि गंमत तिथेच आहे. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" ही म्हण आपण पिढ्यानपिढ्या वापरतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये खरोखरच कोंबडे झाकून पाहिले. बाहेरचा दिवस-रात्र कळू नये म्हणून त्यांना सतत मंद उजेडात ठेवलं. तरी कोंबडे साधारण 24 तासांच्या फेऱ्याने, आपापल्या "पहाटे"च्या वेळी आरवत राहिले. म्हणजे घड्याळ त्यांच्या आतच आहे. उजेड पडला किंवा दुसरा कोंबडा आरवला तरी ते आरवतात, पण पहाटेची वेळ असेल तर त्या निमित्ताला प्रतिसाद जास्त जोरात येतो.

पुढे त्याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांमध्ये पहिली बांग वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि मग बाकीचे मानाच्या क्रमाने आरवतात. वरचा कोंबडा काढून घेतला, तर दुसऱ्या क्रमांकाचा सुरुवात करतो. आमच्याकडे दोन कोंबडे होते तेव्हा धाकटा नेहमी मागाहून आरवायचा. तो आळशी आहे असं आम्ही समजत होतो. बिचारा पायरी सांभाळत होता.

मग दुपारी का आरवतो?

हद्द सांगायला. शेजारच्या वाडीतला आरवला, गाडीचा हॉर्न वाजला, अनोळखी माणूस आला, कोंबड्या लांब गेल्या, काहीही निमित्त पुरतं.

इतक्या जवळून स्वतःचाच आवाज ऐकून तो बहिरा कसा होत नाही?

प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. कोंबड्याची बांग एक मीटरवरून मोजली तरी 100 डेसिबलच्या वर भरते, त्याच्या स्वतःच्या कानापाशी तर त्याहून कितीतरी जास्त. बेल्जियममधल्या अभ्यासकांना असं आढळलं, की चोच पूर्ण उघडली की कोंबड्याच्या कानाची नळी आपोआप बंद होते. आरवताना तो कानात बोळे घालून आरवतो म्हणा ना.

त्यातून इजा झालीच तर पक्ष्यांकडे दुसरा उपाय आहे. आवाज टिपणाऱ्या आतल्या कानातल्या पेशी माणसात एकदा मेल्या की मेल्या, कोंबडीत त्या पुन्हा उगवतात. 1980 च्या दशकात हे लक्षात आलं आणि तेव्हापासून माणसाच्या बहिरेपणावर काम करणारे लोक कोंबडीच्या कानाकडे आशेने बघतायत.

आमची कोंबडी आरवायला लागली आहे. अपशकून आहे का?

नाही. तिला कापू नका, निदान त्या कारणासाठी तरी नको.

कोंबडीला अंडाशय दोन असतात, पण कामाचा एकच, डावा. आजाराने किंवा वयाने तो निकामी झाला, तर शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बदलतो. मग तुरा वाढतो, पिसं कोंबड्यासारखी येतात, कधी ती आरवूही लागते. कळपात कोंबडा नसला, तर एखादी वरचढ कोंबडी असे काही आजारबिजार नसतानाही कोंबड्यासारखा आवाज काढून बघते. अपशकुनाची भीती फक्त आपल्याकडेच होती असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात 1474 साली अंडं घातलं म्हणून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळलं होतं. ती बहुधा अशीच रूप पालटलेली कोंबडी असावी.

कोंबडा नसताना कोंबडी अंडं देते का?

देते. तिचं अंडं तयार व्हायला कोंबड्याची गरज नाही, अंड्यातून पिल्लू व्हायला आहे. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांमागे कोंबडा नसतोच.

याच्या उलटा प्रश्नही येतो: कोंबडा विकून दहा दिवस झाले, तरी अंड्यांतून पिल्लं कशी निघाली? कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळकांड्या असतात. त्यांत कोंबड्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून थोडं जास्तच, जिवंत राहतं. तेव्हा चांगल्या जातीचा नवा कोंबडा आणलात तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांची अंडी उबवायला ठेवू नका, बाप कोण हे सांगता येणार नाही.

रोज अंडं का देत नाही?

एक अंडं बनायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले जवळपास 20 तास नुसतं कवच चढण्यात जातात. त्यामुळे आज सकाळी 8 ला घातलं, तर उद्या 9 ला, परवा 10 ला, असं अंडं रोज पुढे सरकतं. दुपार ओलांडायला लागलं की शरीर एक दिवस सुट्टी घेतं आणि पुन्हा सकाळपासून सुरू करतं. अंड्यावर येण्याचं गणित उजेडावरही आहे. दिवस 14 तासांच्या आसपास मोठा असला की अंडी भरपूर, थंडीत दिवस लहान झाला की कमी. पोल्ट्रीत रात्री दिवे लावतात ते कोंबडीला अंधाराची भीती वाटते म्हणून नव्हे. पिसं झडायच्या दिवसांतही अंडी थांबतात, कारण पीस आणि अंडं दोन्हींना प्रथिनं लागतात आणि दाणे तेवढेच असतात.

गावरान कोंबडीची तुलना पोल्ट्रीवालीशी करू नका. पोल्ट्रीतली वर्षाला 300 च्या घरात अंडी देते, कारण तिच्यातून खुडूक होण्याची, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसण्याची, सवय निवडनिवडून काढून टाकली आहे. आपली गावरान दहा-पंधरा अंडी देते आणि मग तिला आई व्हायचं असतं.

खुडूक झालेली कोंबडी कशी ओळखायची, आणि तिचं करायचं काय?

घरट्यावरून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते, दिवसातून एकदाच धावत बाहेर येऊन खाते-पिते, ढीगभर शिटते आणि परत जाऊन बसते. पोटावरची पिसं गळून कातडी उघडी पडते, म्हणजे अंड्यांना थेट ऊब लागावी. हे सगळं प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे होतं.

पिल्लं हवी असतील तर तिला शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात पाटीत भुसा घालून रवणाला बसवा. अंगाखाली मावतील तेवढीच अंडी ठेवा, गावरान कोंबडीला 10-12 पुरे. हाव करून 18 ठेवली की कडेची थंड पडतात. ती दिवसातून अनेकदा अंडी चोचीने फिरवते, आतलं पिल्लू कवचाला चिकटू नये म्हणून. यंत्रात उबवताना हेच काम मोटर करते, आणि तापमान 37.5 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. कोंबडी हे थर्मामीटरशिवाय करते.

पिल्लं नको असतील तर जुनी माणसं तिला पाण्यात बुडवायची किंवा पाय बांधून ठेवायची. असला छळ नको. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवा. पोटाला गारवा लागला की डोक्यातलं भूत उतरतं.

पिल्लं अंड्यातून बोलतात हे खरं?

खरं. 21 दिवसांचा हिशेब आहे. बाहेर यायच्या एखाद-दोन दिवस आधी पिल्लू अंड्याच्या रुंद टोकाच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, पहिला श्वास घेतं आणि चिवचिवू लागतं. आई खालच्या आवाजात उत्तर देते. रात्री खुराड्याला कान लावलात तर ऐकू येईल. आमच्या घरी हा प्रसंग असला की टीव्ही बंद असतो.

बाहेर येताच पिल्लू खात नाही म्हणून घाबरू नका. निघायच्या आधी उरलेला बलक ते पोटात ओढून घेतं, त्यावर दोन-तीन दिवस निभावतं. एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून हॅचरीतून लांबवर पाठवता येतात, ती याच शिदोरीवर. कोंबडीला हे सोयीचं पडतं, कारण सगळी पिल्लं एकदम निघत नाहीत. पहिली आलेली थांबू शकतात, शेवटचं येईपर्यंत ती उठत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं, बोलतं, तीच आई असं पिल्लू मनाशी ठरवून टाकतं. यंत्रातल्या पिल्लांशी फार लाडीगोडी केलीत तर ती तुमच्या टाचेमागे फिरतील. भाचीने मे महिन्यात हा उद्योग केला, आणि जूनमध्ये शाळेला गेली तेव्हा पिल्लं आमच्या पायात.

कोंबड्या एकमेकींना टोचून का काढतात? नवीन आणलेल्या कोंबडीचे तर हाल केले.

टोचण्याची उतरंड असते. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे हा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या बघत, वहीत टिपणं करत बसायचा. मोठेपणी, 1921 च्या सुमारास, त्याने ते शास्त्रीय पद्धतीने मांडलं. पहिल्या क्रमांकाची कोणालाही टोचते, दुसरी पहिली सोडून सगळ्यांना, आणि तळाची कोणालाच नाही. एकदा क्रम लागला की रोजची भांडणं थांबतात, नुसती मान वर केली तरी भागतं. म्हणजे हे टोचणं शांततेसाठीच आहे, पण ती शांतता वरच्या कोंबडीच्या सोयीची असते. सासुरवास पाहिलेल्यांना जास्त समजावून सांगायला नको.

नवी कोंबडी आली की सगळा क्रम पुन्हा लागतो. म्हणून एकटी कधी आणू नका, निदान दोन आणा. आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या, मग रात्री अंधारात खुराड्यात सोडा. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. पण रक्त आलं तर मात्र जखमी कोंबडी लगेच बाजूला काढा, लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत. जागा अपुरी असली, उकाडा असला, खाण्यात प्रथिनं कमी पडली तर पिसं उपटण्याचा रोगच लागतो. त्यात स्वभावापेक्षा आपली चूक जास्त.

घार आली की सगळ्या एकदम गोठतात. एवढ्या लांबून कळतं कसं?

एक तर त्यांचे डोळे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कोंबडीच्या चार प्रकारच्या. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही तिला दिसतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास चहूकडे नजर.

दुसरं म्हणजे दोन्ही डोळ्यांची कामं वाटून दिलेली आहेत. उजवा मुख्यतः दाणा की खडा हे ओळखायला, डावा वर घार आहे का ते बघायला. याची सुरुवात अंड्यातच होते. पिल्लू आत असं वळून बसतं की उजवा डोळा कवचाकडे आणि डावा अंगाशी दाबलेला. कवचातून झिरपणारा उजेड फक्त उजव्याला लागतो आणि मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळ्या घडतात. ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांना दाणे टिपणं आणि आकाशावर लक्ष ठेवणं ही दोन कामं एकदम नीट जमत नाहीत, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. तुमची कोंबडी मान तिरकी करून एका डोळ्याने वर बघत असेल, तर तुम्हीही वर बघा.

तिसरं, त्यांची भाषा. कोंबड्यांचे वीसहून अधिक वेगवेगळे आवाज अभ्यासकांनी नोंदलेत. वरून येणाऱ्या शत्रूसाठी एक, बारीक आणि लांबट, कुठून येतोय ते घारीला कळू नये असा. जमिनीवरच्या मुंगूस-मांजरासाठी वेगळा, तुटक कटकटाट. पहिला ऐकला की कोंबड्या झुडपात घुसून स्तब्ध होतात, दुसरा ऐकला की माना उंचावून उभ्या राहतात. घार नसतानाही, नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तरी त्या त्याप्रमाणेच वागतात. शिवाय कोंबडा जवळ कोंबडी असली तर हा इशारा जास्त देतो, एकटा असला तर गप्प राहतो.

दाणा सापडला की कोंबडा स्वतः न खाता कोंबड्यांना का बोलावतो? इतका उदार?

दाणा उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि "टुक-टुक-टुक" करतो. उदारपणापेक्षा ते स्थळ बघायला येणं जास्त आहे, बोलावणाऱ्या कोंबड्याकडे कोंबड्या ओढल्या जातात. काही वेळा दाणा नसतानाही बोलावतो, कोंबडी लांब असली तर विशेषच. पण सारखं फसवलं की कोंबड्या यायच्या थांबतात.

रात्री अगदी सहज हातात येते, ती कशी?

तिला दिसत नाही. मंद उजेडात उपयोगी पडणाऱ्या पेशी तिच्या डोळ्यात कमी. म्हणून दिवे लागायच्या आत खुराडं गाठायची तिची धडपड असते. लस द्यायची, पाय तपासायचे, जागा बदलायची, सगळं अंधार पडल्यावर करा. दिवसा मागे धावलात तर कोंबडी दमेल आणि तुम्ही पडाल.

चांगली स्वच्छ जागा दिली तरी मातीत लोळते. घाण सवय मोडावी का?

अजिबात नको, तीच तिची अंघोळ. कोरडी माती पिसांच्या मुळापर्यंत फेकायची, थोडा वेळ पडून राहायचं आणि झटकून टाकायची. जुनं तेल आणि उवा-पिसवा त्यासोबत निघतात. पिंजऱ्यात जन्मलेल्या, माती कधी न पाहिलेल्या कोंबड्याही उघड्या जाळीवर तसेच लोळण्याचे हावभाव करतात, इतकी ही गरज खोल आहे. गच्चीवर पाळत असाल तर घमेल्यात कोरडी माती आणि चुलीतली राख ठेवा. पावसाळ्यात तर ठेवाच, कोकणात चार महिने कोरडी माती म्हणजे चैन.

वाळत घातलेल्या मिरच्या खाते, तिला तिखट लागत नाही का?

नाही. मिरचीची आग ज्या ग्राहकामुळे (संवेदना टिपणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनामुळे) आपल्याला जाणवते, तो कोंबडीतही आहे, पण त्याच्यावर मिरचीचा परिणाम होत नाही. 2002 मध्ये ज्या दोघा शास्त्रज्ञांनी हे कोंबडीच्या ग्राहकावरच दाखवून दिलं, त्यातल्या डेव्हिड ज्युलियस यांना पुढे 2021 चं नोबेल मिळालं. मिरचीलाही हे सोयीचं आहे. पक्षी बी न चावता गिळतो आणि लांब नेऊन टाकतो. गोडाची चवही कोंबडीला कळत नाही, तेव्हा जिलबी वाया घालवू नका.

खडे मात्र मुद्दाम खाते. दात नाहीत, म्हणून पेट्यात (कलेजी-पेट्यातला तोच) खडे साठवून त्यावर दाणे भरडते. बाहेर न सोडलेल्या कोंबड्यांना बारीक खडी द्यावी लागते.

मुंडकं उडवल्यावरही पळते, हे कसं?

गटारीला लहानपणी पाहिलेलं कोणी विसरत नाही. पळण्याच्या हालचाली बऱ्याचशा पाठीच्या कण्यातून चालतात, त्यामुळे काही सेकंद ते चालू राहतं. सगळ्यात जगावेगळी गोष्ट अमेरिकेतल्या कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावची. 10 सप्टेंबर 1945 ला लॉइड ओल्सन यांनी कोंबडा कापला, पण घाव वर बसला. मेंदूचा खालचा देठ आणि एक कान शाबूत राहिला. तो कोंबडा, माइक, नळीतून अन्न भरवत 18 महिने जगला.

जमिनीवर रेघ ओढली की कोंबडी भारली जाते म्हणतात?

पडून राहते, पण रेघेमुळे नाही. किर्खर नावाच्या जर्मन धर्मगुरूने 1646 मध्ये हा खेळ लिहून ठेवला, तेव्हापासून श्रेय खडूला मिळतंय. कोंबडीला हलकेच दाबून धरलं की ती मेल्यासारखी निपचित होते, शिकाऱ्याची पकड ढिली पडली की पळायला. ती गुंगी नाही, भीती आहे. पाहुण्यांना दाखवायला करू नका.

कोंबडी खरंच मठ्ठ असते का?

इटलीत पादुआ विद्यापीठात तीन दिवसांच्या पिल्लांवर प्रयोग झाले. ओळखीच्या संख्येपेक्षा लहान संख्या दाखवली की ती डावीकडे जातात, मोठी दाखवली की उजवीकडे, पट्टीवर आकडे मांडावेत तशी. इंग्लंडमधल्या प्रयोगात, थोडं थांबलं तर जास्त वेळ खायला मिळेल हे कळल्यावर कोंबड्या 22 सेकंद थांबल्या. ब्रिस्टलमध्ये पिल्लांवर नुसती हवेची फुंकर मारली, तर बघणाऱ्या आईच्या काळजाचे ठोके वाढले. माणसांचे चेहरेही ओळखतात. माझी चाहूल लागली की धावत येतात, माझ्या भावाला बघून झाडावर चढतात. रविवारी कोंबडी तो धरतो.

आमच्या कोंबडीचे पाय पिवळे आहेत. चांगलं की वाईट?

चांगलं. पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातून, मक्यातून येतो आणि भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीत फिका होत जातो, तो रंग बलकात जातो. पण पायात साठवायची क्षमता कुठून आली, ते ऐकण्यासारखं आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा, त्याची कातडी पिवळी नसते. पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं. हा करडा रानकोंबडा मूळचा भारतातलाच, आपल्या सह्याद्रीत राहतो.

मग रानातून रानकोंबड्याची अंडी आणून घरच्या कोंबडीखाली ठेवली तर?

हे विचारणारा दरवर्षी एक तरी असतो. ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली त्याला संरक्षण आहे, अंडी उचलणंही गुन्हाच. शिवाय पिल्लं निघाली तरी माणसाळत नाहीत, पंख फुटले की कुंपणावरून निघून जातात.